बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

भोसरीत आमच्या शॉपमध्ये एक मामा आहेत, लेथवर चाळीस वर्षं काढलेले. ते अजून सुतात बोलतात. 'चार सुती बोल्ट' म्हणजे अर्धा इंच, कारण इंचाचे आठ सूत. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं, व्हर्नियर डिजिटल आहे, पण मामांच्या डोक्यात सूतच. मी क्वालिटी बघतो, म्हणजे ऑडिट आलं की घाम मला फुटतो. मध्यंतरी जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडून एक एक्सेल फाइल आली. आजवर त्यांच्या फायलींत आटे, ताकद, प्लेटिंगची जाडी एवढंच असायचं. या वेळी विचारलं होतं, एक टन बोल्ट तयार होताना हवेत कार्बन किती गेला? मामांना सांगितलं तर म्हणाले, "साहेब, बोल्ट घट्ट बसतो का ते विचारा म्हणावं."

गंमत अशी की बोल्ट घट्ट बसतो का, हा प्रश्नही कधीकाळी सरकारांनीच सोडवला होता. तिथूनच सुरुवात करू.

कुठलाही चांगला बोल्ट हातात घ्या. डोक्यावर ८.८ असं कोरलेलं दिसेल. पहिल्या आठचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ओढ बसेपर्यंत हा तुटणार नाही. दुसऱ्या आठचा अर्थ, त्या ओढीच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणून सोडला तर तो पुन्हा मूळ लांबीवर येईल. चाकणला हाच अर्थ, श्टुटगार्टला हाच, ओसाकालाही हाच. हे ठरवलं आयएसओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने. जिनिव्हाची ही संस्था १९४७ पासून काम करते आहे आणि भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. तिची पहिली तांत्रिक समिती, टीसी १, कशासाठी होती माहीत आहे? आट्यांसाठी.

कारण आट्यांनी जगाला फार छळलं होतं. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्याचा कोन ५५ अंश सुचवला. अमेरिकेत पुढे ६० अंश रुळला. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश बोल्टला इंचाला १२ आटे, अमेरिकन बोल्टला १३. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. जुन्या बाजारात रविवारी जाऊन कुणी स्वस्तात आटे पाडायच्या टॅपचा सेट आणला असेल तर त्याला हे दुःख सांगायला नको. शांततेच्या काळात ही कटकट होती, दुसऱ्या महायुद्धात ती जीवघेणी ठरली. दोस्त राष्ट्रांची इंजिनं एका देशात बनायची आणि दुरुस्ती दुसऱ्या देशात व्हायची. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. कोन कुठला? ६० अंश. शंभर वर्षांचा ५५ अंश ब्रिटनने सोडला. युद्धानंतर कुणाचं पारडं जड होतं, ते त्या पाच अंशांत दिसतं.

इथे एक घोळ आधीच मिटवू. मानक वेगळं आणि कायदा वेगळा. आयएसओचं मानक पाळायची कुणावर सक्ती नसते. ती तज्ज्ञांनी केलेली शिफारस. सक्ती तेव्हा येते जेव्हा एखादं सरकार म्हणतं, 'आमच्या देशात विकायचं तर हे पाळा.' म्हणजे मानक हा कागद, आणि सरकार त्या कागदाला दात बसवतं.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि या कागदांचा भाव एकदम वधारला. तिच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारात म्हटलं आहे की देशांनी आपले नियम करताना, आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तर ते पायाभूत धरावं. खाद्यपदार्थांसाठी वेगळा करार आहे आणि त्यात कोडेक्स या, खाद्यपदार्थांची मानकं ठरवणाऱ्या रोमच्या संस्थेचं नाव थेट लिहिलेलं आहे. परिणाम असा झाला, की जिनिव्हा-रोमच्या समित्यांत जे पास होईल ते उद्या व्यापाराच्या भांडणात पुरावा म्हणून उभं राहणार. मग समितीत कोण बसतं, मसुदा कोण लिहितं, कोण हात वर करतं याला महत्त्व आलं. सरकारं जागी झाली ती इथे.

पेरूचं उदाहरण मला आवडतं. युरोपचा नियम होता की डब्यावर 'सार्डिन' लिहायचं तर आत युरोपाजवळच्या समुद्रातला एका विशिष्ट जातीचाच मासा हवा. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. पेरूचा मासा चुलत भावंड, पण नाव लावायची परवानगी नाही. कोडेक्सच्या मानकात मात्र लिहिलं होतं की इतर जातींनाही देशाचं किंवा समुद्राचं नाव जोडून सार्डिन म्हणता येईल, म्हणजे 'पॅसिफिक सार्डिन' वगैरे. पेरूने तो कागद पुढे केला आणि २००२ मध्ये एवढ्या मोठ्या युरोपाविरुद्ध खटला जिंकला. लहान देशाच्या हातात मानक हे शस्त्र होतं ते असं.

पण शस्त्र एकट्या लहान देशाच्या हातात राहत नाही. डुकराच्या मांसात चरबी कमी व्हावी म्हणून जनावरांना रॅक्टोपामिन नावाचं औषध देतात. अमेरिकेत ते चालतं, युरोपात आणि चीनमध्ये बंदी. मांसात त्याचा किती अंश असला तरी चालेल, हे कोडेक्सने ठरवावं असा अमेरिकेचा वर्षानुवर्षं आग्रह होता. वरवर हा विज्ञानाचा प्रश्न, पण 'इतका अंश चालेल' असं मानक झालं की बंदी घालणाऱ्या देशाला उद्या 'तुमच्या बंदीला आधार काय?' असं विचारता येतं. म्हणून युरोप, चीन, रशिया विरोधात गेले. एरवी कोडेक्समध्ये सर्वानुमते काम चालतं, इथे मतदान घ्यावं लागलं. जुलै २०१२, रोम : बाजूने ६९, विरोधात ६७. विज्ञान दोन मतांनी जिंकलं असं म्हणायचं का? गाईंच्या वाढीच्या हार्मोन्सबाबत १९९५ मध्ये असंच झालं होतं, ३३ विरुद्ध २९. त्यानंतर युरोप व्यापार संघटनेत खटला हरला, तरी बंदी उठवली नाही. मग १९९९ मध्ये अमेरिकेने युरोपच्या काही मालावर १०० टक्के कर बसवला. त्या यादीत फ्रान्सचं रॉकफोर्ट चीज होतं, दिजाँची मोहरीही होती. गाईंच्या इंजेक्शनाचा भुर्दंड चीजवाल्याला.

आमच्या पिढीने हे राजकारण बैठकीच्या खोलीत पाहिलंय, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली लग्नाची कॅसेट आपल्या व्हीसीआरमध्ये टाकली की चित्र काळं-पांढरं व्हायचं आणि खाली-वर लोळत राहायचं. कारण रंगीत टीव्हीच्या तीन पद्धती होत्या. अमेरिकेची एनटीएससी, जर्मनीची पाल, फ्रान्सची सेकाम. १९६५ मध्ये युरोपने एकच पद्धत घ्यावी म्हणून चर्चा चालू असतानाच द गॉल यांच्या फ्रान्सने सोव्हिएत संघाशी सेकामचा करार करून टाकला. फ्रान्सला अमेरिकन किंवा जर्मन तंत्रावर अवलंबून राहायचं नव्हतं, सोव्हिएत संघालाही ते सोयीचं. पुढे पूर्व युरोपचा बराचसा भाग सेकामकडे गेला. आपण १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वेळी, पाल घेतली. तेव्हाच्या टीव्ही विकत घेणाऱ्या एकाही माणसाला याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

चीनने हा खेळ उशिरा सुरू केला, पण मन लावून. २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की देशात विकल्या जाणाऱ्या वायफाय उपकरणांत त्यांचं स्वतःचं सुरक्षा तंत्र, वापी, असलंच पाहिजे. ते हवं तर परदेशी कंपनीला चिनी कंपनीशी हातमिळवणी करावी लागणार. अमेरिकेच्या मंत्र्यांनी थेट पत्र लिहिलं आणि २००४ मध्ये चीनने सक्ती पुढे ढकलली. मग त्यांनी वापी आयएसओकडे नेलं, तिथे २००६ मध्ये मतदानात पडलं. चीनने यातून जो धडा घेतला तो माझ्या मते योग्यच होता : शेवटी मतदानाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, आधीपासून खोलीत बसलं पाहिजे. २०१५ ते २०१७ आयएसओचे अध्यक्ष चिनी होते, २०१५ ते २०२२ आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे सरचिटणीस चिनी होते. २०२२ मध्ये त्या पदासाठी अमेरिकन विरुद्ध रशियन अशी निवडणूक झाली, तेव्हा देशोदेशींच्या सरकारांनी ती एखाद्या मोठ्या राजकीय लढतीसारखी लढवली. अमेरिकन उमेदवाराला १३९ मतं, रशियनला २५.

या खुर्च्यांपेक्षाही समितीचं सचिवालय महत्त्वाचं असतं, ते कमी लोकांना माहीत असतं. अजेंडा कोण काढतं, मसुद्याची पहिली ओळ कोण लिहितं, आक्षेपाला उत्तर कोण देतं, ते सगळं सचिवालयवाला देश. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त ज्याने लिहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

आपण खोलीत असलो तर काय होतं, याचं एक उदाहरण तुमच्या डोळ्यांपुढे आहे, अगदी अक्षरशः. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यातला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. एका बोलावण्यावर प्रवचन होईल, दुसऱ्यावर जेवण. संगणकाला मात्र हा फरक कुणीतरी शिकवावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक पद्धत झाली, तिचं १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट गटाने तिच्यावर बरंच काम केलं. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा तक्ता घेताना १९८८ च्या इस्कीचा क्रम पायाभूत धरला. त्या तक्त्यात खाली नुक्ता असलेला ऱ वेगळा आहे, आणि त्याच्या अर्ध्या रूपातून आपला तो पापणीसारखा आडवा र उमटतो. सरकारी पद्धत आधीच तयार होती म्हणून जगाच्या कागदात आपलं अक्षर गेलं.

उलट उदाहरणही आहे. तुम्ही रोज जी डॉक्सएक्स फाइल उघडता, तिच्यामागचं मायक्रोसॉफ्टचं स्वरूप आयएसओचं मानक व्हावं का, यावर २००७-०८ मध्ये मतदान झालं. मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा. मतदानाच्या तोंडावर अनेक देश समितीचे पूर्ण सदस्य झाले. स्वीडनमध्ये एकाने दोनदा मत दिल्याचं निघालं म्हणून त्या देशाचं मतच बाद ठरलं. भारताने विरोधात मत दिलं. मानक मंजूर झालं. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

आता पुण्याच्या पोटापाण्याकडे येऊ. इथे एखाद्या नव्या मोटारसायकलच्या हेडलाइटची काच नीट बघा. निर्यातीच्या गाडीवर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा सापडतो. १ असेल तर जर्मनीची मान्यता, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९५८ मध्ये झालेल्या करारानुसार एका सदस्य देशाने मान्यता दिली की बाकीचे ती मानतात. भारत त्या करारात नाही. आपण १९९८ च्या दुसऱ्या, सैल करारात आहोत. त्यामुळे वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचा दाखला आपल्या रस्त्यांसाठी पुरतो, पण युरोपात जायचं तर तिकडच्या कुठल्यातरी देशाचा आकडा हवाच. अमेरिकाही १९५८ च्या करारात नाही, तिचे स्वतःचे नियम. पण अमेरिकेकडे वजन आहे. २०१८ मध्ये तिने दक्षिण कोरियाशी व्यापार करार सुधारून घेतला, त्यात एक कलम असं की प्रत्येक कंपनीच्या, अमेरिकन नियमांनुसार बनलेल्या, वर्षाला ५० हजारांपर्यंत गाड्या कोरियाने तशाच स्वीकाराव्या. आधी हा आकडा २५ हजार होता. आता गाडीचा आरसा आणि दिवा कसा असावा हा तांत्रिक प्रश्न, तो २५ हजारांपर्यंत तांत्रिक आणि पुढे राजकीय असा तर नसतो ना!

द्राक्षांची गोष्ट जास्त कडू आहे. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार वेलीची फांद्यांतली वाढ रोखून घड चांगला यावा म्हणून सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारायचे. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. साखरेची चिमूट याहून जड भरेल. कंटेनर बंदरात अडकले, भाव पडले. बागायतदाराचं म्हणणं होतं की निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नव्हतंच. पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अशा अंशांची तपासणी होते, आणि त्या हंगामानंतर सीसीसीही यादीत आलं.

यात राजकारण होतं का? मला थेट तसं वाटत नाही. अन्नात विष नको, हे युरोपच्या ग्राहकाचं म्हणणं रास्तच आहे. आपल्यालाही मंडईत तेवढीच काळजी मिळायला हवी. पण मर्यादा किती खाली न्यायची, सूचना किती आधी द्यायची आणि ती कुणाच्या लक्षात येईल अशी द्यायची, हे निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर निफाडचा बागायतदार नसतो. बासमतीवरच्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा युरोपने २०१८ च्या सुरुवातीपासून एकदम शंभरपट कमी केली, किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१. आरोग्य आणि अडवणूक यांच्यात रेघ ओढायला कुणी सांगितलं तर माझा हात थरथरेल.

आणि आपलं सरकारही साधुसंत नाही. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. कारण सांगितलं मुलांची सुरक्षितता, आणि ते खोटं नाही. पण परदेशी कारखान्याला तो शिक्का हवा असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या माणसाने तिकडे जाऊन पाहणी करायची असते. चीनमधल्या कारखान्यांची पाळी कधी येणार, हे वेगळं सांगायला नको. तुळशीबागेतल्या दुकानांत मालाची नावं बदलली. गुणवत्ता नियंत्रण आदेशांची अशी रांगच गेल्या काही वर्षांत लागली. २०२३ मध्ये आमच्या नट-बोल्टसाठीही निघाला. बाहेरचा हलका बोल्ट थांबेल म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. तेवढ्यात लक्षात आलं, स्टीलवरही असाच आदेश आहे. बोल्टसाठी लागणारी एका खास ग्रेडची स्टीलची वायर आम्ही बाहेरून आणायचो. तिकडच्या पोलादाच्या गिरणीकडे परवाना नाही म्हणून ती बंद. देशी पुरवठादाराने भाव सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला आणि चहा मागवला. एकच धोरण मोठ्या स्टीलवाल्याला भिंत वाटतं आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या लहान शॉपला दार बंद झाल्यासारखं.

आता पुन्हा त्या एक्सेल फाइलकडे. तिचं नाव सीबॅम, युरोपचा सीमेवरचा कार्बन कर. ऑक्टोबर २०२३ पासून नुसते आकडे द्यायचे होते. १ जानेवारी २०२६ पासून आयातदारावर पैशांचा भार. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन, वीज यांना लागू, आणि पोलादाच्या यादीत स्क्रू, बोल्ट, नटही आहेत. युरोपचं म्हणणं, आमचे कारखाने कार्बनचे पैसे भरतात, मग बाहेरच्या मालाने का भरू नयेत? मुद्द्यात दम आहे. पण मोजायची रीत त्यांची, तपासनीस त्यांनी मान्य केलेला, आणि तुमच्याकडे खरा आकडा नसेल तर ते स्वतःचा 'डिफॉल्ट' आकडा धरणार, जो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. आयएसओत निदान भारताचं एक मत असतं. इथे मतदानच नाही. बाजार मोठा असला की समितीची गरज पडत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. देश नवे तांत्रिक नियम करताना व्यापार संघटनेला आधी कळवतात, आणि साधारणपणे ६० दिवस हरकतींसाठी मिळतात. आपल्याकडे मानक ब्यूरो अशा चौकशीचं केंद्र आहे. ब्यूरोचे स्वतःचे मसुदेही सगळ्यांना अभिप्रायासाठी खुले असतात. एवढी वर्षं क्वालिटीत काढून मी किती मसुद्यांवर अभिप्राय पाठवले? एक. तोही टायपिंगच्या चुकीबद्दल.

बोल्टच्या कार्बनचा बराचसा भाग आमच्या शॉपमध्ये होतच नाही. वायर रॉड ज्या भट्टीत बनला तिथे होतो. कोळशावरची भट्टी असेल तर आकडा मोठा, भंगार वितळवणारी विजेची असेल तर बराच लहान. म्हणून मी वायर देणाऱ्या डीलरला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, टेस्ट सर्टिफिकेट आहे, हीट नंबर आहे, कार्बन पाहिजे तर शून्य पॉइंट पस्तीस टक्के लिहिलाय की." हा स्टीलमधला कार्बन, हवेतला नाही, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर, घेऊन गिरणीला मेल टाकला. मामा मागून येऊन स्क्रीनकडे बघत होते. तो रकाना अजून रिकामा आहे, आणि गिऱ्हाइकाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आकडा न आल्यास डिफॉल्ट धरू.